बंबखान्याच्या माडीवर मोजलेलं पाणी

माझ्या साइमी मावशीला चर्चच्या गायकवृंदातून काढलं ते हसण्यापायी. कुणाचा तरी अंत्यविधी होता. सगळे काळ्या कपड्यांत गंभीर उभे होते, आणि ऑर्गन वाजवणाऱ्याच्या बुटाची करकर नेमकी गाण्याच्या तालात बसली. मावशीने ओठ चावले, श्वास रोखून धरला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि शेवटी अशी फुटली, की मयताच्या पोरीलाही हसू आलं. पाद्रीबाबांनी नंतर तिला फार सौम्यपणे सांगितलं, की तुझं गाणं देव घरूनही ऐकेल.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. ताडमाड उंच, दरवाज्यातून वाकून यायची. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, नाचताना माझ्या हनुवटीखाली टोप्याच दिसतात, माणसं दिसत नाहीत. पण मनाला लावून घेतल्यासारखी कधी वाटली नाही. तिला काम आवडायचं.

काम होतं फिनलंडमधल्या आमच्या किविलाम्पी गावच्या बंबखान्यावर. खाली आगीचे दोन लाल बंब आणि वरच्या माडीवर नगरपालिकेची अन्नतपासणीची खोली. दूध, सॉसेज, शाळेतलं जेवण, पोहण्याच्या तळ्याचं पाणी, सगळं मावशीच्या हाताखालून जायचं. शहाऐंशीच्या वसंतात पूर्वेकडची अणुभट्टी फुटली आणि वारा आमच्या अंगावर आला, तेव्हा नगरपालिकेने किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र घेतलं. यंत्र म्हणजे शिशाच्या जाड भिंतींचं एक पिंपच. त्यात दुधाचं भांडं ठेवायचं, झाकण लावायचं आणि वाट बघायची. ते वर चढवताना बंबवाल्यांनी इतक्या शिव्या घातल्या, की शेजारच्या बालवाडीच्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. माडी खाली येऊ नये म्हणून तुळयांना टेकू दिले.

दोन वर्षं मावशीने गावाची भीती मोजली. दूध आणा, तळ्यातला मासा आणा, जंगलातल्या अळंब्या आणा. तेवढ्या दिवसांत मात्र ती कमी हसली. मग हळूहळू आकडे उतरले, लोक पुन्हा अळंब्या खाऊ लागले आणि यंत्र रिकामं बसलं.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमधली गोष्ट. आमच्या महिला मंडळाची बैठक होती. मी मंडळाची चिटणीस, हेल्वी अध्यक्ष. हेल्वीचे काचेचे मळे आहेत, टोमॅटो आणि गाजरांसाठी ती सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध, आणि कुठलीही गोष्ट जिंकल्याशिवाय तिला झोप येत नाही. तिने कॉफी ओतता ओतता मावशीला सहज विचारलं, की बाई, दूध मोजलंस, मासे मोजलेस, आपली कॉफी तरी स्वच्छ आहे ना? मावशी म्हणाली, मोजली नाही कधी. पुढच्या बैठकीला ती आली, खुर्चीत बसली आणि शांतपणे म्हणाली, "कॉफी किरणोत्सर्गी आहे."

चमचे जागच्या जागी थांबले. फिनलंडमध्ये हे वाक्य उच्चारणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. आम्ही लोक सकाळी उठून कॉफी पितो ते रात्री झोप यावी म्हणून कॉफी पिईपर्यंत.

मग मावशीला राहवलं नाही, ती खदखदून हसली. तिने समजावलं, की ह्यात अणुभट्टीचा काही संबंध नाही. मातीत पोटॅशियम असतं. त्यातला अगदी बारीकसा हिस्सा जग झालं तेव्हापासून किरण सोडतोय. झाड ते मातीतून घेतं, आपण झाडातून घेतो. दुधात आहे, बटाट्यात आहे, आपल्या हाडामांसात आहे. त्याने कुणाचं काही बिघडत नाही, ते नसतं तर हृदयही चाललं नसतं.

"म्हणजे माझ्यातही आहे?" हेल्वीने विचारलं.

"तू तर ह्या किटलीपेक्षा कितीतरी जास्त आहेस."

"जाडीमुळे का?"

"स्नायूंमुळे," मावशी म्हणाली. हेल्वी इतकी खूश झाली, की तिने दुसऱ्यांदा केक वाढला.

त्या दिवसापासून गावाला खूळ लागलं. भीतीची दोन वर्षं आत दाबून ठेवलेलं काहीतरी मोकळं झालं असावं. बंबखान्याच्या जिन्यावर बाटल्यांची रांग लागली. कुणी ताक आणलं, कुणी बर्च झाडाचा रस, कुणी आजीच्या कृतीने केलेली घरची बिअर, कुणी लाल बोरांचं सरबत. आणि आपल्या बाटलीचा आकडा शेजाऱ्यापेक्षा मोठा निघावा अशी प्रत्येकाची इच्छा. दुकानात माणसं एकमेकांना विचारू लागली, तुमचं ताक किती? दोन वर्षांपूर्वी ह्याच माणसांनी रडवेल्या तोंडाने मावशीपुढे दुधाचे कॅन ठेवले होते.

हेल्वीने ठराव मांडला, की उन्हाळी जत्रेत स्पर्धा घ्यायची. सर्वांत जिवंत पेय कुणाचं. नैसर्गिक किरणोत्सर्ग सर्वाधिक त्याला तांब्याची किटली. आरोग्य निरीक्षक न्युकानेन, म्हणजे मावशीचे वरिष्ठ, ह्यांनी आधी हात झटकले. सरकारी यंत्र, जत्रेतली स्पर्धा, वर कळलं तर काय म्हणतील. पण दुसऱ्याच दिवशी कागदात गुंडाळून त्यांनी स्वतःच्या घरच्या बिअरची बाटली मावशीच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, यंत्र अधूनमधून चालवलेलं बरं असतं.

जत्रेच्या आठवड्यात मावशीने एकेक पेय मोजलं. बिअर सगळ्यांत मागे पडली. त्यातही न्युकानेन ह्यांची सर्वांत मागे, जवळजवळ पाण्याइतकी. त्यांनी ते मानाने घेतलं, पण बायकोने जव वाचवायला सांगितल्याचं त्यांना तेव्हा आठवलं असावं, कारण जेवायला गेले ते बराच वेळ परतले नाहीत. कॉफी मधे बसली. कॉफी ताकाच्या खाली, हे बऱ्याच जणांना पटलं नाही. आणि सगळ्यांच्या वर, हेल्वीचा गाजराचा रस.

सगळं ठरलं असं वाटत असताना जत्रेच्या आदल्या दिवशी टाउनो आला.

टाउनो लाकडाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. गावाबाहेर खडकाळ टेकडीवर एकटा राहायचा, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ठेंगणा, रुंद, बोलायला कंजूस. त्याची एकच बढाई होती, ती म्हणजे त्याची विहीर. वर्षानुवर्षं तळ्याचं पाणी वाहून पाठ मोडल्यावर त्याने दोन वर्षांपूर्वी खडकात खोल बोअर मारली होती, आणि त्यातून आलेलं पाणी इतकं नितळ आणि थंड, की तो नामकरणाला, वाढदिवसाला, कुठेही गेला तरी भेट म्हणून त्याची बाटली नेत असे. तशीच एक काठोकाठ भरलेली, घट्ट बुचाची बाटली त्याने मावशीपुढे ठेवली. ती म्हणाली, अहो, हे पाणी आहे, ह्यात काय मोजायचं? तो म्हणाला, "शून्य आलं तरी चालेल. सगळ्यांत स्वच्छ म्हणून माझं नाव घ्या."

मावशीने गंमत म्हणून ते यंत्रात ठेवलं. झाकण लावलं, कॉफी ओतून घेतली. जेवणानंतर मी तिला जत्रेच्या मांडवाबद्दल विचारायला गेले, तेव्हा ती यंत्रापुढे उभी होती आणि कॉफी तशीच गार झाली होती. आकडा नुसता चढला नव्हता, आलेखाची रेघ कागदाच्या वरच्या कडेबाहेर गेली होती. गाजराचा रस त्याच्यापुढे मुंगी. मावशीला वाटलं यंत्र बिघडलं. तिने रिकामं भांडं ठेवून पाहिलं, ठीक. ताक ठेवून पाहिलं, ठीक. पुन्हा पाणी ठेवलं, पुन्हा तेच.

"खडक," ती म्हणाली. "खडकातला वायू."

तो वायू म्हणजे रेडॉन. ग्रॅनाइटमधल्या युरेनियमपासून तयार होतो, भेगांतून पाण्यात शिरतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. तिने हे ऐकलेलं होतं, प्रशिक्षणात शिकलेलीही होती, पण आपल्या गावात, तेही इतका, असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिने पांढरा डगला उतरवला, खास बाटल्या घेतल्या आणि मला गाडी काढायला सांगितली.

टाउनोने दार उघडलं आणि आधी कॉफी ठेवली. मावशीने त्याला नीट, न घाबरवता सांगितलं. पिण्यापेक्षा वाईट आहे ते श्वासातून आत घेणं. नळ सोडला, आंघोळ केली, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, तापल्या दगडांवर पाणी फेकलं, की वायू बाहेर पडतो आणि बंद घरात साठतो. दोन वर्षांत काही होत नाही, पण वीस वर्षं असं चालू ठेवणं फुप्फुसांना बरं नाही. कॉफीत मात्र तो नाही, उकळताना उडून जातो.

टाउनो खिडकीबाहेर विहिरीच्या झाकणाकडे बघत राहिला. ज्या एका गोष्टीचा माणसाला अभिमान, तीच अशी निघावी. मावशीने मान खाली घातली होती.

मग तो म्हणाला, "म्हणजे मी जिंकलो."

"काय?"

"स्पर्धा. सर्वाधिक नैसर्गिक किरणोत्सर्ग. खडक नैसर्गिकच आहे ना? किटली माझी."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि चर्चमध्ये झालं होतं तेच झालं. ती टेबलावर डोकं ठेवून हसली. टाउनो गंभीर चेहऱ्याने तिच्या कपात कॉफी ओतत राहिला, पण त्याच्या मिशीचं एक टोक हलत होतं ते मी पाहिलं.

ही बातमी दुसऱ्या दिवशी जत्रेत पोचली आणि गावाचे दोन तट पडले. हेल्वीचं म्हणणं, पाणी हे पेयच नव्हे, पेय म्हणजे काहीतरी केलेलं असलं पाहिजे. टाउनोचं म्हणणं, बोअर मारायला गाजर लावण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. शेतकरी हेल्वीकडे, गिरणीवाले टाउनोकडे. न्युकानेन मधे उभे राहून दोन्हीकडे मान हलवत होते. शेवटी मावशी गाड्यावर चढली. मुळात उंच, त्यात गाड्यावर, त्यामुळे सगळ्या जत्रेला दिसली. ती म्हणाली, की पोटॅशियम गाजरात मुरलेलं आहे, ते काढता येत नाही. हा वायू मात्र पाण्यात पाहुणा आहे. पाणी हवेत नीट उडवलं की निघून जातो. जो पाहुणा असा पळून जातो, त्याच्या जिवावर किटली मागायची का?

टाउनोने टोपी मागे सरकवली. "पळवून दाखवा. पळाला तर किटली हेल्वीची."

झालं. टाउनोने ट्रॅक्टरवरून दुधाच्या कॅनमधून विहिरीचं पाणी आणलं आणि अख्खी जत्रा त्याच्यामागून बंबखान्याकडे निघाली, अकॉर्डियनवाला सर्वांत पुढे. बंबवाल्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. त्या उन्हाळ्यात एक गवताची गंजी सोडली तर काही पेटलंच नव्हतं. त्यांनी अंगणात ताडपत्रीचं मोठं टाकं उभं केलं, धुतलेला नवा पाइप लावला, पाणी बारीक फवाऱ्याने उंच उडवलं, टाक्यात पडलं की पुन्हा ओढलं, पुन्हा उडवलं. वारा फिरला की फवारा लोकांवर यायचा. बायका किंचाळत पळायच्या आणि परत त्याच जागी येऊन उभ्या राहायच्या. कुणीतरी धास्तीने विचारलं, की हा वायू आता आपल्या अंगावर नाही का येत? मावशी म्हणाली, उघड्या हवेत तो असा विरतो, की शोधून सापडायचा नाही. त्याला बंद खोली लागते.

फवारा थांबल्यावर लोक जिन्याकडे धावले, तर मावशीने हात आडवे केले. आत्ता मोजून उपयोग नाही, ती म्हणाली. वायू गेला तरी त्याची पोरंबाळं पाण्यात मागे राहतात, तीही किरण सोडतात. त्यांचं आयुष्य थोडकं असतं, पण ती विझेपर्यंत दोन-तीन तास थांबावं लागेल.

दोन-तीन तास काय करायचं? अकॉर्डियनवाल्याने हुम्पाची, नाचाची उडती चाल धरली. बंब बाहेर काढले, फरशी धुतली गेलीच होती, आणि बंबखान्यात नाच सुरू झाला. न्युकानेन ह्यांनी त्यांच्या बिअरचं पिंप आणवलं. बिअर पातळ होती, म्हणून बरीच प्यावी लागली. आमच्याकडे त्या दिवसांत सूर्य मावळायचं विसरतो, उघड्या दारांतून ऊन तिरपं आत येत होतं आणि ओल्या कपड्यांतून वाफा निघत होत्या.

टाउनो मावशीपुढे येऊन उभा राहिला. त्याचं डोकं तिच्या खांद्याला लागत होतं.

"मला तुमची टोपीच दिसेल," ती म्हणाली.

त्याने टोपी काढून खुंटीवर टांगली.

मी मावशीला नाचताना त्याआधी पाहिलं नव्हतं. टाउनोची पावलं यंत्रासारखी नेमकी पडायची आणि मावशीचे लांब पाय कुठेही जायचे, तरी ते दोघं कुणावर आदळले नाहीत. एक गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला हेल्वीने माझ्या बरगडीत कोपर खुपसलं आणि म्हणाली, किटली गेली तरी चालेल, पण हे बघायला मिळालं. माझी आई हे बघायला हवी होती, असं मला वाटलं. ती असती तर तिने टेबलावर चढून टाळ्या वाजवल्या असत्या.

वेळ झाली तशी मावशी वर गेली. जिना माणसांनी भरला. यंत्राला त्याचा वेळ लागला, तोवर जिन्यावरच गाणी झाली. मग ती दारात आली, केस विस्कटलेले, गाल लाल, आणि म्हणाली, की पाहुणा गेला. थोडंफार उरलंय, पण गाजराच्या बरंच खाली. हेल्वीने किटली डोक्यावर धरली. आणि सर्वांत मोठ्याने टाळ्या कुणी वाजवल्या असतील तर टाउनोने. हरलेल्या माणसाने इतकं खूश दिसणं बरं नव्हे, असं न्युकानेन त्याला म्हणाले. टाउनो म्हणाला, "माझं पाणी परत मिळालं मला."

त्याने त्याच आठवड्यात पंपाच्या खोलीत काम सुरू केलं. एक उघडं पिंप, बागेतला फवारा, गवत वाळवायच्या यंत्रातला जुना पंखा आणि छपरातून बाहेर जाणारं धुराडं. पाणी फवाऱ्यातून पिंपात पडायचं, पंखा वायू बाहेर फेकायचा, मग पाणी घरात जायचं. ते नीट चालतं का हे पाहायला नमुना घ्यावा लागे. नमुन्याची बाटली पाण्याखाली बुडवून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर वायू बुडबुड्यात जातो आणि माप चुकतं. मावशीने त्याला तीनदा शिकवलं. पण टाउनोने आणलेल्या प्रत्येक बाटलीत बुडबुडा. हा माणूस घड्याळाचे दात बसवतो आणि त्याला बाटली भरता येत नाही, मावशी माझ्याकडे तक्रार करायची. मग तिला स्वतःलाच टेकडीवर जावं लागे. एकदा सप्टेंबरमध्ये ती जरा लवकर पोचली, तर टाउनो पंपाच्या खोलीत एक निर्दोष भरलेली बाटली उघडून त्यातलं थोडं पाणी काळजीपूर्वक ओतून टाकत होता.

ती दारात वाकून उभी राहिली. त्याने मागे पाहिलं. लपवायला जागा नव्हती.

"किती दिवस चालवणार होतास?" ती म्हणाली. तोवर ती त्याला तुम्ही म्हणत होती.

"गाडीचा रस्ता बर्फाने बंद होईपर्यंत."

"आणि मग?"

टाउनोने बाटली खाली ठेवली, हात पुसले. "मग तू इथेच अडकली असतीस तर बरं, असा विचार होता."

हे मला मावशीनेच सांगितलं, आणि सांगताना मधेच इतकी हसली, की पुढचं उत्तर काय दिलं ते सांगायचं राहूनच गेलं. पण ऑक्टोबरात आम्ही तिचं कपाट ट्रॅक्टरवर चढवलं. टाउनोने आधीच सगळ्या दरवाज्यांच्या चौकटी कापून उंच केल्या होत्या.

लग्न नाताळाआधी झालं. पाद्रीबाबांनी तिला विनंती केली, की निदान शपथ होईपर्यंत धीर धर. तिने धरला. टाउनो हसला.

त्यानंतर दोघं मिळून आसपासच्या टेकड्यांवर फिरले. मावशी विहिरी मोजायची, टाउनो फवाऱ्याची पिंपं बसवून द्यायचा. लोक सुरुवातीला दार उघडायला नाखूश असत. आपल्या पाण्याला नावं ठेवलेली कुणाला आवडतात? पण मावशी आधी त्यांच्या कॉफीचा आकडा सांगायची, मग ताकाचा, मग हळूच पाण्याचा. ज्या घरात भीती शिरू शकली असती, तिथे ती कॉफी पिऊन, गप्पा मारून बाहेर पडायची. कित्येक छपरांवर टाउनोची धुराडी अजून दिसतात.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या लग्नानंतरच्या सहलीचं. वसंतात गिरणीच्या कामगारांची बस दूर दक्षिणेला, बोहेमिया प्रांतात जाणार होती, त्यात ह्यांनी जागा घेतल्या. डोंगरातल्या एका जुन्या गावात सगळ्यांना स्नानगृहात नेलं. पांढऱ्या फरशा, पांढऱ्या कपड्यांतली करडी परिचारिका, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन लांबलांबून आलेली, गुडघे धरून बसलेली माणसं. खाणीतून आलेलं औषधी पाणी, सांध्यांना गुणकारी. मावशी टबात उतरली, मान मागे टेकली, आणि तेवढ्यात भिंतीवर जर्मनमध्ये लिहिलेलं तिने वाचलं. औषध म्हणजे रेडॉन.

शेजारच्या टबातून टाउनोने विचारलं, काय लिहिलंय. तिने सांगितलं. टाउनो जरा वेळ पाण्यात हात फिरवत राहिला. मग परिचारिका जवळून गेली, तशी त्याने तिला बोलावलं, पाण्याकडे बोट दाखवलं आणि अंगठा आणि बोट चिमटीसारखं धरून दाखवलं: एवढंसंच. मग स्वतःच्या छातीकडे बोट करून दोन्ही हात टबाबाहेर पसरले: आमच्या घरी, एवढं. परिचारिकेला वाटलं त्याच्या छातीत दुखतंय. तिने घंटा वाजवली. एकाच्या जागी तीन डॉक्टर धावत आले, आणि पलीकडच्या टबात एक ताडमाड बाई पाण्याखाली तोंड बुडवून बुडबुडे काढत होती, कारण बाहेर काढलं असतं तर अख्खं स्नानगृह दणाणलं असतं.